संडासाला दहा, शेजाराला दोन

प्रति,
मा. संचालक,
अर्थ व सांख्यिकी संचालनालय,
नियोजन विभाग, महाराष्ट्र शासन,
वांद्रे (पूर्व), मुंबई.

विषय : मुंबईकर किती सुखी आहेत, हे मोजण्याबाबत.

महोदय,

दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर तुमची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' येते. आमच्या घरात ती वाचणारी मी एकटीच. दरडोई उत्पन्न, पाऊस, रस्त्यावरची वाहनं, सगळं त्यात असतं. माणसांचं बरं चाललंय का, असं प्रकरण मात्र नसतं. ते नाही म्हणून मी तक्रार करत नाहीये. उलट आता कुणीतरी ते घाईघाईत घालेल अशी मला धास्ती वाटते, म्हणून हे पत्र.

धास्तीचं कारण सांगते. २०२५ मध्ये 'टाइम आउट' मासिकाने मुंबईला आशियातलं सर्वांत आनंदी शहर ठरवलं. शहरामुळे आनंद वाटतो का, असं विचारल्यावर ९४ टक्के लोक हो म्हणाले. सूनबाईने ओट्याशी उभं राहून ही बातमी मोबाइलवर वाचून दाखवली आणि कुकरची शिटी होईपर्यंत आम्ही दोघी हसत होतो. त्याच वर्षीच्या जागतिक आनंद अहवालात भारत १४७ देशांत ११८ वा. म्हणजे आशियातली सगळ्यात आनंदी माणसं ११८ व्या नंबरच्या देशात राहतात. त्याआधी केंद्र सरकारच्या राहणीमान सुलभता निर्देशांकात बृहन्मुंबई २०१८ साली तिसरी होती, २०२० च्या निर्देशांकात दहावी. तेवढ्या काळात शहर एवढं नासलं असेल असं मला वाटत नाही. मोजायची रीत बदलली, लोकांचं मत विचारणं त्यात आलं, आणि क्रम हलला.

अशा बातम्या वाचून कुणा मंत्र्याच्या मनात आलं की आपणही एक आकडा काढू, तर तो काढायचं काम तुमच्याच टेबलावर येणार.

मी कोण, तर आकडे आणणारी बाई. तेवीस वर्षं सर्व्हेच्या फिल्डवर काढली. साबण, चहा, टीव्हीवरच्या मालिका, क्षयरोगाची औषधं, पाण्याचा नळ, ज्याचा फॉर्म हातात येईल तो भरून आणायचा. नाक्यापासून उजव्या हाताला सुरुवात करायची, ठरलेली घरं सोडत पुढचं दार वाजवायचं, आणि घरात कुणाशी बोलायचं ते किश ग्रिड, म्हणजे माणूस निवडायचा ठरलेला तक्ता, सांगेल तसं. ग्रिड सून म्हणाली तर सून, सासू नाही. आता गुडघ्यांमुळे जिने होत नाहीत. पण ज्या प्रश्नावर जगातल्या देशांचे क्रमांक लागतात तो प्रश्न मी लालबागच्या चाळीत, कुर्ल्यात, गोवंडीत स्वतः विचारलेला आहे. त्याचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

तो प्रश्न शिडीचा. हॅडली कॅन्ट्रिल नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलेला. तळाला शून्य, टोकाला दहा. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुम्हाला मिळू शकेल असं उत्तमातलं उत्तम आयुष्य, तळाची म्हणजे वाईटातलं वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर? गॅलप या पाहण्या करणाऱ्या संस्थेची माणसं बहुतेक देशांत दरवर्षी साधारण हजार जणांना हे विचारतात. २०१८ ते २०२५ फिनलंड सलग पहिला आला तो याच शिडीवर. पेपरात दरवर्षी छापून येतं की उत्पन्न, आरोग्य, भ्रष्टाचार अशा सहा गोष्टींवरून क्रमांक लावतात. तसं नाही. त्या सहा गोष्टी नंतर कारणं शोधायला वापरतात. क्रमांक लागतो तो या एका प्रश्नाच्या तीन वर्षांच्या सरासरीवर.

आमच्या शोकार्डवर शिडीचं चित्र होतं. लालबागेत गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा ते बघून म्हणाले, "आमच्याकडे शिडी माळ्यावर चढायला. वर गाद्या आणि गौरी-गणपतीचं सामान." हसले आणि पाच म्हणाले. गोवंडीत मात्र मी थबकले. तिथे वरच्या खोलीत जायला बाहेरून लोखंडी शिडी असते, सरळ उभी, पावसात हात सटकेल अशी. वर राहतो तो भाडेकरू. खाली मालक. कडेवर पोर घेऊन ती शिडी दिवसातून दहा वेळा चढणाऱ्या बाईला मी कार्ड दाखवलं आणि म्हटलं, वरची पायरी म्हणजे सगळ्यात चांगलं आयुष्य. तिने कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ताई, मी वरच राहते," म्हणाली. पुढे काय लिहायचं, याची सूचना फॉर्ममध्ये नव्हती.

बरं, शिडी सोडा, सरळ शब्दांत विचारा म्हणाल. कुठल्या शब्दात? लग्न जुळवताना 'खाऊनपिऊन सुखी घर' म्हणतात तेव्हा पैशाबद्दल बोललेलं असतं. त्यामुळे 'सुखी आहात का' म्हटलं की माणूस खिसा चाचपतो. 'समाधानी आहात का' म्हटलं की प्रश्न स्वभावावर जातो. नाही म्हणणं म्हणजे मी हावरट आहे, असं कबूल करणं. सात-आठच्या खाली कुणी येत नाही. आणि 'आनंदी आहात का' असं भर दुपारी दारात उभं राहून विचारलं तर समोरची बाई म्हणते, "का, काय झालं?" आनंद आपल्याकडे प्रसंगाचा. बारसं, निकाल, गणपती. रोजच्यासाठी आपल्याकडे एकच उत्तर, "चाललंय." त्यात सगळं येतं आणि त्याला नंबर देता येत नाही. ज्यांचं खरंच बरं चाललेलं असतं ती माणसं तर आवाज खाली करतात, दृष्ट नको लागायला म्हणून. तुमच्याकडे इंग्रजी प्रश्नावलीचं भाषांतर करायला दिलं जाईल तेव्हा ही गोष्ट कुणीतरी आधी निस्तरली पाहिजे. भाषांतराचं बिल सगळ्यात कमी असतं म्हणून ते शेवटच्या दिवशी उरकतात, हे मी खूपदा पाहिलंय.

प्रश्नांचा क्रमही तसाच. अमेरिकेत गॅलपच्या रोजच्या पाहणीत शिडीच्या आधी राजकारणावरचे प्रश्न आले की माणसं स्वतःच्या आयुष्याला खालची पायरी द्यायची, हे नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी आकडेवारीतून दाखवलं. आयुष्य तेच, फक्त आधी पुढाऱ्यांची आठवण काढली. आमच्याकडे पाण्याच्या वेळेचा प्रश्न आधी आला तर तेच होतं.

याहून मोठी भीती वेगळी आहे. १९४४ साली, बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, कलकत्त्याजवळ सिंगूरला एक आरोग्य पाहणी झाली. अमर्त्य सेन यांनी ती पुढे अनेकदा सांगितली. तब्येत बरी नाही किंवा जेमतेम आहे, असं ४८.५ टक्के विधुरांनी सांगितलं. विधवांपैकी तसं म्हणणाऱ्या किती? २.५ टक्के. त्या काळच्या बंगालमध्ये विधवेच्या ताटात काय पडत असेल ते आपण सगळे जाणतो. तिने तक्रार करायचंच सोडून दिलं होतं. तो फॉर्म खरा धरला असता तर औषधं विधुरांना गेली असती.

मला ही आकडेवारी फार उशिरा कळली, पण बाई ओळखीची वाटली. किश ग्रिडने सून निवडलेली असते, सासू मध्ये खाट टाकून बसलेली असते, सून पदराने हात पुसत म्हणते, "बरंय की." आठ. पुढचं दार. असे किती आठ मी आणून दिले असतील. या शहराला तर अशा आठांची सवयच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरायच्या आत माणसं कामावर गेली तेव्हा त्याला मुंबईचं स्पिरिट म्हटलं गेलं. न गेल्यास खाडा पडतो हे कुणी लिहिलं नाही. आता त्याच स्पिरिटला सरकारी शिक्क्याचा आकडा मिळाला तर गोवंडीला सांगायला बरं, तुमचा वॉर्ड तर सातवर आहे. महापालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात तेव्हाच्या २४ वॉर्डांत गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व वॉर्ड तळाला होता. तिथे मी पाच-सहाच्या खाली फारसे आकडे लिहिल्याचं मला आठवत नाही.

आता ज्या एका फॉर्मसाठी मी हे पत्र लिहायला घेतलं त्याबद्दल.

झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत, अकरावा मजला. बाई पन्नाशीची. पूर्वी खाली, त्याच जमिनीवर तिची झोपडी होती. प्रश्न होता, एकूण आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी, शून्य ते दहा. उत्तर द्यायच्या आधी तिने मला घर दाखवलं. तीनशे चौरस फूट. मग दिवा लावून संडासाचं दार उघडलं. पांढऱ्या फरश्या, कोपऱ्यात बादली, तिच्यावर उपडा मग. "बावीस वर्षं उजाडायच्या आत डबा घेऊन रांगेत उभी राहिले," ती म्हणाली. "पोरगी वयात आल्यावर रात्री मी सोबत जायची. आता कधीही जा, कुणाला सांगायला नको." तिथे आम्ही दोघी जरा वेळ उभ्याच राहिलो. पाहुण्याला लोक देवघर दाखवतात तसं तिने दाखवलं होतं.

मग बाहेरच्या पॅसेजकडे बोट केलं. आठ दारं, आठही बंद. "खाली सहाजणी मिळून पापड लाटायचो. पोरं कुणाच्याही घरात जेवायची. इथे दार वाजवायला कारण लागतं. लिफ्ट बंद पडली की मी चार-चार दिवस खाली उतरत नाही. गेल्या वर्षी आमचे हे रात्री गेले. सकाळपर्यंत मजल्यावर कुणाला पत्ता नाही."

"मग किती लिहू?" मी विचारलं.

"संडासाला दहा. शेजाराला दोन."

"एकच आकडा लागतो हो, ताई."

"मग काय तो तुम्हीच काढा."

मी सहा लिहिलं. बॅक-चेकला, म्हणजे फॉर्म खरा आहे का ते तपासायला, सुपरवायझरने फोन केला तेव्हा तिने सहाला हो म्हटलं. कागदावर तो फॉर्म चोख होता, माझे पैसे मिळाले. पण त्या सहाचं पुढे कुणी काय करणार? ज्याने घरात संडास दिला त्याला आपण बरोबर केलं हे त्यातून कळत नाही. ज्याने आठ दारांचा अंधारा पॅसेज काढला त्यालाही कळत नाही की चार मजल्यांमागे बायकांना बसायला एक खोली ठेवली असती तर काय झालं असतं. दहा आणि दोन वेगवेगळे राहिले असते तर दोघांना आपापलं उत्तर मिळालं असतं. सरासरी मी काढली, आणि माझ्या हातून ती बाईच पुसली गेली.

म्हणून माझी विनंती अशी की सुखाचा एक आकडा काढू नका.

बाहेरच्यांनी काय केलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. भूतानने सकल राष्ट्रीय आनंद थेट २००८ च्या राज्यघटनेत घातला, ९ क्षेत्रं आणि ३३ निर्देशक करून २०१०, २०१५ आणि २०२२ ला पाहण्या केल्या. झोप किती, शेजाऱ्यावर विश्वास किती, असलं सगळं विचारलं. तिथली तरुण मुलं तरीही ऑस्ट्रेलियाला चाललीत. त्यामुळे भूतानच्या फोटोंवर मी भुलत नाही, पण झोप विचारली हे मला आवडलं. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय २०११ पासून चार प्रश्न विचारतं आणि चारही उत्तरं वेगळी छापतं. त्यातले दोन फक्त कालच्या दिवसाबद्दल आहेत, काल किती आनंदात होता आणि काल किती काळजीत. न्यूझीलंडने २०१९ चा अर्थसंकल्पच 'वेलबीइंग बजेट' या नावाने मांडला आणि मानसिक आरोग्यावर पैसे टाकले, हे निदान हिशेबात दिसतं. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये आनंद विभाग काढला. आनंद देणारा विभाग ही कल्पना मला झेपत नाही. सरकारने मला आनंद देऊ नये, पाणी पहाटे साडेतीनऐवजी सहाला द्यावं.

ब्रिटनच्या प्रश्नातला 'काल' मात्र सोडू नका. तेवीस वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळलीय. आयुष्याबद्दल विचारलं की माणसं चांगलं दिसायला बघतात, कालच्या दिवसाबद्दल विचारलं की खरं बोलतात. काल किती वाजता उठलात? साडेतीनला. का? पाणी. मग? मग परत झोप लागली नाही. इथे कुणाला दृष्ट आठवत नाही, सासूही मध्ये बोलत नाही, उलट तीच म्हणते, "हो, हिला फार लवकर उठावं लागतं."

आणि हे काम आपलं सरकार करतंच. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली, २०२४ ला पुन्हा. आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून आजच्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाला काय केलं ते लिहून घ्यायचं. स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालतात आणि पुरुष ९७, हे २०१९ च्या त्याच पाहणीतून आलं. मला फक्त त्या तक्त्यात एक रकाना हवाय. त्या वेळी कसं वाटत होतं? दमणूक, भीती, कंटाळा, बरं, मजा. एवढंच.

ही माझी अक्कल नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासच्या ९०९ नोकरदार बायकांकडून कालचा दिवस असाच तुकड्या-तुकड्यांत लिहून घेतला. सकाळचा कामावर जायचा प्रवास तळाला निघाला. अमेरिकेच्या सरकारी वेळ-पाहणीत २०१०, २०१२ आणि २०१३ मध्ये असे प्रश्न जोडले होते. अख्खा दिवस न विचारता दिवसातली तीन कामं निवडून तेवढ्यांबद्दलच विचारायचे. म्हणजे वेळही फार जात नाही.

मुंबईत उत्तरं टेक्साससारखीच येतील असं धरू नका. बदलापूरहून येणारी, लेडीज डब्यात खिडकीला बसून मटार सोलणारी, मैत्रिणीच्या वाढदिवसाला डब्यात फुगे लावणारी बाई त्या सव्वा तासापुढे 'मजा' लिहील. "तेवढाच वेळ माझा," असं मला एकीने सांगितलंय. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला ऑफिस, मध्ये तो डबा. आणि त्याच गाडीला दिव्याला चढणारी, दोन्ही पाय टेकायला जागा नसलेली, दाराच्या दांड्याला लोंबकळणारी पोरगी त्याच वेळेपुढे 'भीती' लिहील. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या मध्ये माणसं गाडीतून खाली पडली तेव्हापासून तर नक्की. गाडी एक, वेळ एक, तुमच्या कागदावर दोन उत्तरं. रेल्वेला, महापालिकेला, ऑफिसच्या वेळा ठरवणाऱ्यांना यातून काहीतरी करता येईल. 'मुंबई ६.२' वरून कुणाला काय करता येणार?

राष्ट्रीय नमुना पाहण्यांत तुमच्या संचालनालयाचा राज्य नमुना, म्हणजे राज्याने जोडलेली जादा घरं, अनेकदा असतो. वेळेची पाहणी पुढच्या वेळी होईल तेव्हा मुंबईची घरं वाढवा, वॉर्डवार आकडे येतील एवढी, आणि हा रकाना जोडा. त्याखाली एकच जादा प्रश्न. रात्री दोनला घरात कुणाला काही झालं तर कुणाचं दार वाजवाल? कुणाचं, हे विचारा. 'कुणी आहे का' असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील.

एक गोष्ट नाइलाजाने सांगते, कारण ती माझ्याच लोकांबद्दल आहे. या आकड्यांवर कुठल्या अधिकाऱ्याची बढती किंवा कुठल्या वॉर्डाचा निधी टांगू नका. टांगलात की फॉर्म चहाच्या टपरीवर बसून भरले जातील. दिवसाला ठरलेले इतके फॉर्म पूर्ण झाले तरच पैसे, असं असलं की हे होतंच. मी कधी केलं नाही असं छातीठोकपणे म्हणत नाही. पावसाळ्यात एकदा केलंय. टपरीवर भरलेल्या फॉर्ममध्ये सगळी माणसं सातवर असतात.

बाकी व्यवहाराचं. घरातल्या बायकांसाठी दुपारी दोन ते चार या वेळेत जा, पाणी भरून झालेलं असतं आणि पोरं शाळेतून यायची असतात. नोकरीवाल्यांना रविवारी सकाळी गाठा. गणपतीत आणि दिवाळीत पाहणी नको. बाईशी बोलायला बाईच पाठवा, आणि सासू मध्ये बसली तर तिचाही वेगळा फॉर्म भरा, मग ती आपल्या उत्तरात गुंतते. लोखंडी शिडी असेल तिथे वर जायला लावा, खालच्या मालकाकडून वरच्याची माहिती घेऊन येऊ देऊ नका. जिन्यांचे पैसे वेगळे द्या.

आपली नम्र,
एक सर्व्हेवाली, परळ